लोहाराने दिलेली वाट

वाकोल्याच्या आपल्या वस्तीतून सर्वात जवळची बौद्ध लेणी कोणती, असा प्रश्न मी गेल्या वर्षावासात विहारात विचारला. कोणी कान्हेरी म्हणाले, कोणी थेट कार्ले. मी महाकालीचे नाव घेतले तेव्हा कॉलेजात जाणारा एक मुलगा म्हणाला, "वकीलसाहेब, ते तर देवीचं देऊळ ना?" दोष त्याचा नाही. अंधेरी पूर्वेला कोंडिविटेच्या डोंगरात कोरलेली ही 19 बौद्ध लेणी जवळच्या देवळाच्या नावाने ओळखली जातात. रस्त्याला तेच नाव, बसच्या पाटीवर तेच नाव. नाव गेले की मालकी जायला वेळ लागत नाही, हे सात-बाराचे दावे लढवणारा कोणताही वकील सांगेल.

म्हणून ठरवले, पुढच्या रविवारी ग्रंथवाचन संध्याकाळी ठेवायचे आणि सकाळी चालतच लेण्यांवर जायचे. सांताक्रूझहून सात-आठ किलोमीटर. रमतगमत गेले तरी अडीच तास.

पहिला विरोध घरातच झाला. आई म्हणाली, "हौसेनं कोण चालतं रे? आमचे पाय चालूनच झिजले." तिचे काय खोटे होते? सातारा जिल्ह्यातल्या गावी ती पाण्यासाठी चालली. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर रोज कोसभर चालली. पाटलाच्या वाड्यासमोर आले की आजी वहाणा हातात घ्यायची, आणि तिचे बघून आईही. दुष्काळानंतर ती मुंबईला आली ती परत गावच्या वाटेला फारशी गेली नाही. पाठीला सॅक लावून रविवारी गडकोट हिंडणाऱ्या मंडळींचा मी हेवा करत नाही, चांगला छंद आहे. पण त्यांच्या आजीला वहाणा हातात घ्याव्या लागल्या नव्हत्या. आपल्यात भटकंतीची हौस कमी, असे काही विद्वान म्हणतात. ज्यांना गावातली वाटच मोकळी नव्हती, त्यांनी हौस कुठे करायची होती?

खुद्द बाबासाहेबांच्या सहलीचे काय झाले ते आठवा. 1934 साली चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी सहल काढायचे ठरवले. बाबासाहेब यायला तयार झाले आणि काही झाले तरी कार्यक्रमात वेरूळची बौद्ध लेणी असावीत असे ठरले. तीसेक माणसे निघाली. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. दाराजवळच्या पाण्याने काठोकाठ भरलेल्या हौदावर त्यांनी प्रवासाची धूळ धुतली, हातपाय-तोंड धुतले, बस एवढाच गुन्हा. एक म्हातारा ओरडत आला की अस्पृश्यांनी हौद बाटवला. जमाव जमला. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती हत्यारी शिपाई सोबत देऊन, आत कुठेही यांचा हात पाण्याला लागू नये म्हणून! ओरडणारे मुसलमान होते. हिंदूंचा अस्पृश्य मुसलमानालाही अस्पृश्यच वाटतो, हे दाखवण्यासाठीच बाबासाहेबांनी हा प्रसंग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवला. घटनेच्या कलम 15 (2) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी एकेक जागा नावानिशी आली आहे. ते कलम वाचताना मला दरवेळी दौलताबादचा तो हौद दिसतो.

असो. आम्ही चौदा जण सकाळी साडेसहाला वाकोला पुलापासून निघालो. आई मागून रिक्षाने येणार, असा समझोता झाला होता. हायवेच्या कडेने, उजव्या हाताला विमानतळ ठेवून पार्ले, मग गुंदवलीवरून चकाला. फुटपाथ म्हणजे काय हे मुलांना चित्र काढून दाखवावे लागेल अशी परिस्थिती. महाकाली रस्त्याला लागलो, तोवर दोघीतिघींच्या चपला तुटल्या होत्या. आणि मग इमारतींच्या गराड्यात अचानक डोंगर. ओला काळा कातळ, गुडघाभर गवत, गवतात तेरडा फुललेला. विमाने डोक्यावरून जात होती तरी मुले हळू आवाजात बोलू लागली.

चार लेणी वायव्येच्या अंगाला आहेत, पंधरा आग्नेयेच्या. नववे लेणे चैत्यगृह. त्याच्या टोकाला दगडातच एक गोल झोपडी कोरली आहे, तिला जाळीच्या खिडक्या आणि आत स्तूप. बिहारात बराबरच्या डोंगरातल्या अशोककालीन गुंफेतही अशीच गोल झोपडी आहे. महाराष्ट्रात हा प्रकार विरळा. भिक्खू वर्षातले बाकीचे महिने चारिका करीत आणि पावसाळ्यात एका जागी राहत. म्हणजे ही चालणाऱ्या माणसांची विसाव्याची घरे. मुलांना हे सांगितल्यावर एकीने विचारले, "मग ते पाणी कुठलं पीत होते?"

कातळात खोदलेली टाकी तिथेच होती, पावसाने भरलेली. जुन्या शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हणतात. कान्हेरीच्या लेखांत पोढीचे दान देणारे सापडतात, कल्याणचा सोनार, सोपाऱ्याचा व्यापारी. मला मात्र कान्हेरीचा सर्वात मोलाचा लेख वाटतो तो कल्याणच्या एका लोहाराचा. नाव नंद. त्याने दान दिले ते वाटेचे! दिवसभर भात्यापुढे घाम गाळणाऱ्या माणसाने डोंगर चढणाऱ्या अनोळखी पायांसाठी वाट करून दिली आणि ती दगडावर लिहून ठेवली.

कायद्याचेही सांगतो. 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामाला मनाई, त्यापुढे 200 मीटरवर नियंत्रण. पण मोजायला, तक्रार करायला कोणी तिथे गेले पाहिजे ना? मागाठाण्याची लेणी वस्तीच्या भिंतींत अडकून बसली. त्या वस्तीत आपलीही माणसे आहेत, त्यांना डोक्यावर छप्पर हवे होते. अशा वेळी माझ्यातला वकील गप्प बसतो, खोटे कशाला बोलू?

नऊच्या सुमारास आई आली. लेणी बघून झाल्यावर पोढीच्या कडेला बसली आणि हात पाण्यात घातला. पहारेकरी लांबून म्हणाला, "मावशी, पिऊ नका, खराब आहे."

"पीत नाही बाबा," आई म्हणाली, "नुसता हात लावते."

पुढचा बेत कान्हेरीचा आहे. बोरिवलीच्या उद्यानाच्या दरवाजापासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर चाल आहे. सोमवारी बंद असते, म्हणून रविवारच. भाकरी आपापली आणावी, पाण्याची बाटली आणि दणकट चपला विसरू नयेत. आईने या वेळी रिक्षाचे नाव काढलेले नाही. जयभीम.