होडी उलटते तेव्हा

भिवंडी म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? मागांचा खडखडाट, गोदामं, रस्त्यावर ट्रकांची रांग. बरोबर. पण ठाण्याहून कशेळीच्या पुलावरून भिवंडीला जाताना खिडकीतून कधी खाली डोकावलंत का? तिथं खाडी आहे. उल्हास नदी समुद्राला भेटायला निघते ती हीच वाट धरून. पुढे तिला आपण वसईची खाडी म्हणतो. भिवंडीची कामवारी नदीही याच खाडीला मिळते.

याच पाण्यात एके काळी जहाजं बांधली जात. १६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली, आणि मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात झाली ती या खाडीच्या आसऱ्यानं. सुरुवातीला पोर्तुगीज कारागीर कामावर ठेवले होते. ते पुढे गुपचूप काम सोडून पळून गेले! तोवर इथल्या माणसांचा हात मात्र बसला होता. म्हणजे भिवंडीकरांनो, शीड, डोलकाठी, सुकाणू हे शब्द तुमच्या गावाला काही नवे नाहीत.

आज मी तुम्हाला शिडाच्या जहाजाची नाही, शिडाच्या छोट्या होडीची गोष्ट सांगणार आहे. आणि तीही ती उलटते तेव्हाची.

आधी एक प्रयोग करा. साबणाच्या डबीचं झाकण घ्या आणि पाण्यानं भरलेल्या बादलीत तरंगत सोडा. त्यात पाच-सहा नाणी पसरून ठेवा. होडी डुलते, पण उभी राहते. आता तीच नाणी एकावर एक रचून मधोमध मनोरा करा आणि झाकणाला हलकासा धक्का द्या. बघा, किती लवकर कलंडते ती! आता तिसरी गंमत. सगळी नाणी एका कडेला सरकवा. धक्का द्यायचीसुद्धा गरज नाही. कड पाण्याखाली जाते, पाणी आत शिरतं आणि खेळ खलास.

वजन तेवढंच होतं. होडी तीच होती. फक्त वजनाची जागा बदलली. होडीत उभं राहू नका, एका बाजूला गर्दी करू नका, असं तांडेल ओरडून सांगतो ना, ते याचसाठी. उभं राहिलेलं माणूस म्हणजे नाण्यांचा मनोरा.

जुन्या गलबतांच्या तळाशी दगड भरत. त्याला नीरम म्हणतात. तळ जड असला की वाऱ्यानं कलंडलेलं गलबत परत सरळ होतं. पण शिडाच्या छोट्या होडीत नीरम कुठलं? तिथं नीरम म्हणजे तुम्हीच! वारा शिडाला एका बाजूला ढकलतो आणि तुम्ही दुसऱ्या बाजूच्या कडेवर बसून, पाठ पाण्यावर झोकून देऊन तिला तोलून धरायचं. सीसॉच खेळायचा, पण वाऱ्याबरोबर. आणि हा भिडू फार लहरी. मध्येच जोराचा झोत येतो, होडी पालथी पडायला बघते. मध्येच वारा अचानक पडतो, मग तुमच्याच वजनानं ती तुमच्याच बाजूला कलंडते. म्हणून शीड आवळून धरणारी दोरी, तिला दामण म्हणतात, ती छोट्या होडीत कधीही गाठ मारून बांधून ठेवत नाहीत. ती हातात हवी. झोत आला की सैल सोडायची. शीड फडफडतं, वारा निसटतो आणि होडी पुन्हा सरळ.

तुमच्याएवढ्या मुलांसाठी अशी एक होडी मुद्दाम बनवलेली आहे. तिचं नाव ऑप्टिमिस्ट. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये क्लार्क मिल्स नावाच्या माणसानं १९४७ मध्ये ती आखली. लांबी जेमतेम २.३ मीटर, वजन ३५ किलो, एकच शीड आणि एकच खलाशी. पंधरा वर्षांपर्यंतची मुलं ती चालवतात आणि जगभर तिच्या शर्यती होतात. आपल्याकडे मुंबई बंदरात आणि हैदराबादच्या हुसेन सागर तलावात ही चिमुकली शिडं दिसतात. (तिचं शीड पॉलिएस्टरच्या घट्ट विणलेल्या कापडाचं असतं. वारा आरपार जाता कामा नये, म्हणून वीण दाट. भिवंडीच्या मुलांना वीण म्हणजे काय ते मी काय सांगणार!)

या होडीत पहिला धडा कोणता देतात माहीत आहे? होडी चालवायची कशी, हा नव्हे. होडी उलटवायची कशी, हा! शिक्षक सांगतात, "चल, पाड तिला." मुलं मुद्दाम होडी पाडतात. होडीत हवेच्या तीन पिशव्या घट्ट बांधलेल्या असतात, त्यामुळे ती बुडत नाही, आडवी पडून तरंगत राहते. मग पोहत तिच्या तळाकडे जायचं, मधल्या उभ्या फळीवर चढायचं, कड धरून मागे झुकायचं. शीड हळूहळू पाण्यातून वर येतं आणि होडी उभी. आत चढून पाणी उपसायचं आणि निघायचं पुढं. दहा वेळा हे केलं की उलटण्याची भीतीच संपते.

हे सगळं जमतं ते एका वस्तूमुळे. त्या नारिंगी जॅकेटमुळे. ते अंगात असल्याशिवाय कुणालाही होडीत पाऊल ठेवू देत नाहीत, मग तो राष्ट्रीय विजेता का असेना.

"पण मला पोहता येतं की!" तुमच्यातला कुणीतरी म्हणेलच. मीही म्हणालो होतो. मुंबईत एका शिबिरात मी पहिल्यांदा अशी होडी चालवली, तेव्हा जॅकेट घातलं खरं, पण खालचा पट्टा आवळला नाही. छातीला दाटतं म्हणून. होडी उलटली, मी पाण्यात पडलो, आणि जॅकेट सर्रकन वर सरकून माझ्या कानांवर आलं. मी खाली आणि जॅकेट वर! तोंडावर ते, वरून शीड. चार-पाच सेकंदांत मी बाहेर आलो असेन, पण तेवढ्यात जे पाणी नाकातोंडात गेलं त्याची चव अजून विसरलो नाही. पट्टा न लावलेलं जॅकेट म्हणजे बुडत्याच्या डोक्यावरची टोपी.

पोहता येत असूनही जॅकेट का लागतं, ते ऐका. आपलं शरीर पाण्याइतकंच जड, किंचित हलकं. त्यामुळे शांत पडून राहिलो तर डोक्याचा थोडासाच भाग पाण्यावर राहतो, आणि तो नाकाचाच असेल याची काही हमी नाही. घाबरून हात वर करून "वाचवा" म्हणून ओरडलो की दोन चुका एकदम होतात. हात पाण्याबाहेर गेले की त्यांचं वजन आपल्याला खाली दाबतं. ओरडलो की फुप्फुसातली हवा जाते, म्हणजे आपलाच फुगा रिकामा होतो. त्यात अंगात शर्ट-पँट, पायात बूट, पाण्यावर लाटा. तलावात वीस फेऱ्या मारणारा मुलगाही इथं दमतो. आणि उलटताना डोलकाठी डोक्याला लागली तर? बेशुद्ध माणसाला पोहता येत नाही.

गंमत अशी की आपल्याला वर ठेवायला फार काही लागत नाही. मोठ्या माणसाचं डोकं पाण्यावर राहायला साधारण साडेतीन ते साडेपाच किलोचा जादा उचल पुरतो. जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो तो या उचलीचा. ५० न्यूटन म्हणजे साधारण पाच किलो. ५० चं जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत जवळ असेल तिथंच. १०० आणि १५० न्यूटनच्या जॅकेटांना छातीवर जास्त फोम आणि मानेमागे कॉलर असते. बेशुद्ध माणूस पालथा पडला तरी ती त्याला उताणं करायला मदत करतात, म्हणजे नाक वर राहतं.

ही युक्ती जुनी आहे. १८५४ मध्ये कॅप्टन वॉर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं बुचाच्या पट्ट्या शिवलेलं जाकीट तयार केलं. घालायला अवघड, वल्हवताना अडचणीचं. खलाशी नाकं मुरडत. मग आली ९ फेब्रुवारी १८६१ ही तारीख. इंग्लंडमधल्या व्हिटबी गावी भयंकर वादळ झालं. तिथल्या बचाव-होडीनं एकाच दिवसात एकामागून एक जहाजांवरची माणसं सोडवून आणली. पुन्हा बाहेर पडली तेव्हा लाटेनं ती उलटली. तेरा जणांपैकी बारा बुडाले, तेही गावासमोर, किनाऱ्यावरचे लोक बघत असताना. एकटा हेन्री फ्रीमन वाचला. नवं बुचाचं जाकीट त्या दिवशी फक्त त्याच्याच अंगात होतं.

बुचानंतर कापोक आला. कापोक म्हणजे पांढऱ्या सावरीच्या बोंडातला तलम कापूस. तो पाणी शोषत नाही. आता त्याची जागा फोमनं घेतली आहे. त्यात हवेचे असंख्य बंद कप्पे असतात.

आता आपल्या घराजवळचं बोलू. ते सांगायला जड जातं, पण सांगायला हवं. १३ जानेवारी २०१८ ला डहाणूच्या समुद्रात सुमारे ४० विद्यार्थी एका बोटीतून फिरायला निघाले. किनाऱ्यापासून फार दूर नाही, सकाळची वेळ, पावसाळा नाही, वादळ नाही. बोटीत गर्दी होती आणि कुणाच्या अंगात जॅकेट नव्हतं. बोट कलंडली. जवळच्या मच्छीमारांनी आणि तटरक्षक दलानं धावपळ करून बहुतेकांना वर काढलं. तीन मुली मात्र परत आल्या नाहीत. तुमच्याच ताईएवढ्या होत्या.

पुढे १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. समुद्र नव्हे, शहरातला तलाव! जॅकेटं मोजक्याच मुलांच्या अंगात होती. त्याच वर्षी २१ मे ला उजनी धरणाच्या पाण्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले.

मोठी बोट असली म्हणजे निभावतं असंही नाही. तुमच्या आजोबांना 'रामदास' बोटीबद्दल विचारा. १७ जुलै १९४७ ला ती मुंबईहून रेवसला निघाली होती. वादळात लाटेचा तडाखा बसला, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि आगबोट आडवी झाली. साबणाच्या डबीतली नाणी आठवा. ६०० हून अधिक माणसं गेली. आणि १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या 'नीलकमल' बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून १५ जणांचा जीव गेला, तेव्हा कुठे गेटवेच्या बोटींत प्रवाशांनी जॅकेट घालणं सक्तीचं झालं. मला याचा राग येतो. जॅकेटं तेव्हाही होती. पण बाकाखाली किंवा छताला बांधून ठेवलेलं जॅकेट काय कामाचं? बोट उलटायला काही सेकंद लागतात, आणि पाण्यात पडल्यावर जॅकेट चढवून पट्टे लावणं भल्याभल्यांना जमत नाही.

आई-बाबांनो, हे तुमच्यासाठी. सहलीच्या चिठ्ठीवर सही करण्याआधी दोन प्रश्न विचारा: बोटीत बसवणार आहात का, आणि मुलांच्या मापाची जॅकेटं आहेत का? मोठ्यांचं जॅकेट लहानाला घालून उपयोग नाही. ते अंगातून वर निघून जातं. जॅकेटच्या आत वजनाचा आकडा छापलेला असतो, तो मुलाच्या वजनाशी जुळवून बघा. सगळे पट्टे लावल्यावर मुलाला हात वर करायला सांगा आणि खांद्याजवळ धरून जॅकेट वर ओढा. हनुवटीला किंवा कानाला लागलं तर ते सैल आहे. चिमुरड्यांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच. आणि कुणाला त्याच्यावर बसू देऊ नका! फोम चेपला की त्याची उचल कमी होते.

मुलांनो, एवढं करूनही होडी उलटलीच, तर होडी सोडू नका. तिला धरून राहा. पाण्यातून किनारा नेहमी असतो त्यापेक्षा जवळ वाटतो आणि पोहत निघालेला वाटेत दमतो. शिवाय शोधायला आलेल्यांना लाटांमधलं एक डोकं दिसत नाही, पालथी होडी मात्र लांबून दिसते. जॅकेटला शिट्टी असेल तर ती वाजवा. ओरडण्यापेक्षा तिला श्वास कमी लागतो आणि ऐकूही लांबवर जाते.

आणि काठावर उभे असाल आणि कुणी बुडताना दिसलं, तर उडी मारू नका. बुडणारा मिठी मारतो आणि दोघेही जातात. घरातला पाच लिटरचा रिकामा तेलाचा कॅन झाकण घट्ट लावून लांब दोरीला बांधा. त्याची उचल जवळजवळ पाच किलो असते, म्हणजे ५० न्यूटनच्या जॅकेटएवढी. तळाशी थोडं पाणी ठेवलं तर तो लांब फेकता येतो. गणपती विसर्जनाला तलावावर किंवा खाडीवर जाताना असे दोन कॅन आणि दोरी मंडळाच्या पोरांनी बरोबर ठेवायला काय हरकत आहे? फेकण्याचा सराव आधी मैदानात करा. पहिल्या झटक्यात दोरी हमखास पायात अडकते.