डब्यांवरची नावं

मैत्रिणींनो, सिनेमा सुरू होतो आणि पडद्यावर नावं यायला लागतात, तेव्हा तुम्ही काय करता? थिएटरात असाल तर पॉपकॉर्न सांभाळत खुर्चीचा नंबर शोधता. घरी असाल तर कुकरच्या शिट्ट्या मोजून येता. आता तर तेवढंही नको, म्हणून नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये ‘स्किप इंट्रो’चं बटणच देऊन टाकलं. नावं काय वाचायची? आपलं कोण असतंय त्यात!

मी गारखेडा परिसरात राहते आणि मीडियाच्या मुलामुलींना शिकवते. त्यांच्या अभ्यासात एक मजेचं काम असतं. एका सिनेमाची फक्त सुरुवात तयार करायची. दीड मिनिटाची टायटल्स, बस्स. पुढचा सिनेमा काढायचाच नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण पोरांचा घाम निघतो. कारण गोष्ट सांगायची नसते, पण कशाची गोष्ट आहे हे मात्र कळायला हवं असतं. आणि मधेमधे नावंही दिसायला हवीत.

यंदा एका गटात तीन मुली आणि दोन मुलगे होते. पहिल्या दिवशी त्यांनी आणलेला बेत म्हणजे काळोख, चाकू, रक्ताचा थेंब आणि धडाधडा बदलणारी दृश्यं. वेबसिरीजमध्ये असतं अगदी तस्सं. मी विचारलं, “हे सगळं आपल्या इथं कुठं घडतं रे?” सगळे गप्प. मग बीडकडून शिकायला आलेली एक मुलगी हळूच म्हणाली, “मॅम, आमच्या मेसच्या मावशींवर केलं तर?”

आमच्या भागात सूतगिरणी चौकापासून विभागीय क्रीडा संकुलापर्यंत फिरा, खोल्या करून राहणारी पोरं-पोरी भेटतील. कुणी कॉलेजचं, कुणी स्पर्धा परीक्षेचं, कुणी पोलीस भरतीसाठी पहाटे पळणारं. त्यांच्या पोटाची काळजी घरगुती मेस वाहतात. या मावशी पहाटे उठून पोळ्या लाटतात, डबे भरतात. डबे बदलू नयेत म्हणून झाकणांवर नेलपॉलिशने नावं लिहिलेली असतात.

“नावं!” गटातला एक मुलगा ओरडलाच. “मॅम, आपली टायटल्स डब्याच्या झाकणांवरच लिहू ना!”

झालं, सिनेमा सापडला. नाव ठरलं ‘डबा’.

मग सुरू झालं नियोजन. कागदावर चौकटी आखून प्रत्येक दृश्याचं चित्र काढलं. काड्यापेटीतल्या काड्यांसारखी माणसं, पण चालतं तेवढं. खरी कसरत हिशेबाची. एखादं नाव सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ ते पडद्यावर राहिलं पाहिजे, म्हणजे साधारण चार सेकंद. अकरा झाकणं म्हणजे चव्वेचाळीस सेकंद. उरलेल्या शेहेचाळीस सेकंदांत पहाट, चूल, पोळ्या, डबे आणि सायकलवर निघालेला पोऱ्या. आपण महिन्याच्या पगारात घर बसवतो ना, तसंच हे! इकडचे दोन सेकंद काढून तिकडं घालायचे.

अक्षरांचाही घोळ झाला. मोबाइलमधल्या एका अ‍ॅपमध्ये मराठी लिहिलं तर वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटायची आणि जोडाक्षराचे दोन तुकडे पडायचे. हाताने लिहायचं ठरलं ते बरंच झालं. नेलपॉलिशच्या ब्रशने शिरोरेघ किती छान ओढता येते, हे मलाही तेव्हाच कळलं.

शूटिंग दोन सकाळी झालं. कॅमेरा म्हणजे मोबाइल. स्टीलच्या झाकणात मोबाइल, हात, शूट करणाऱ्याचं नाक, सगळं दिसायला लागलं! मग एकीने आपली काळी ओढणी मोबाइलभोवती धरली आणि फक्त भिंगापुरती फट ठेवली. पीठ परातीत पडलं की चित्र आपोआप काळवंडायचं, म्हणून पडद्यावर बोट दाबून धरून उजेड पक्का करायचा. स्वयंपाकघराला खिडकी एकच. उन्हं आली की वीसेक मिनिटं काय तो उजेड. तो मावशींच्या चेहऱ्यावर पडावा म्हणून एक मुलगी बाहेर अंगणात पांढरी चादर ताणून उभी राहिली. वारा सुटला की चादर हलायची, आतून ओरडा व्हायचा, “अगं, नीट धर ना!” दोन्ही दिवस ती बाहेरच. हौसेने काढलेल्या फोटोंतही ती कुठे नाही.

आता नावांची यादी आली. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, लेखन, संगीत... आणि शेवटी ‘विशेष आभार’मध्ये चादरवाली. मी मुलांवर डोळे वटारणार होते, तर कळलं की यादी तिनेच केलेली!

“मी काय केलं मॅम? नुसती चादर तर धरली.”

नुसती चादर! मी त्या दिवशी ठरलेला तास बाजूला ठेवला आणि त्यांना सरस्वतीबाई फाळक्यांची गोष्ट सांगितली. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला, हे या मुलांना पाठ असतं. पण त्यामागे दागिने विकायला काढून देणारी, युनिटचा स्वयंपाक करणारी, रात्री फिल्म धुणारी, रसायनं कालवणारी बाई होती. आणि हो, भर उन्हात पांढरी चादर धरून उजेड वळवणारीही तीच! २००९ साली परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आला, त्यात विभावरी देशपांडे यांनी सरस्वतीबाई रंगवल्या, तेव्हा कितीतरी प्रेक्षकांची या बाईंशी पहिली ओळख झाली. मधे किती वर्षं गेली, मोजा. शहाण्णव!

हे फक्त आपल्याकडचंच, असंही नाही. टायटल्सचा विषय निघाला की जगभर अमेरिकेच्या सॉल बास यांचं नाव घेतात. १९५५ च्या ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’च्या टायटल्सने त्यांनी लोकांना नावं बघायला शिकवलं. त्याआधी नावं संपेपर्यंत कित्येक थिएटरांत पडदाही उघडत नसत. त्यांच्या पत्नी एलेन बास १९६० च्या ‘स्पार्टाकस’पासून त्यांच्याबरोबर हे काम करत होत्या. पुढे ‘गुडफेलाज’ (१९९०), ‘द एज ऑफ इनोसन्स’ (१९९३) अशा चित्रपटांत दोघांचं नाव जोडीने आलं. त्या ‘एज ऑफ इनोसन्स’ची सुरुवात जरूर बघा. जाळीदार लेस आणि तिच्यामागे उमलत जाणारी फुलं! तरी लोकांच्या तोंडी राहिलं ते एकट्या सॉल यांचंच नाव.

सगळं ऐकून वर्ग शांत झाला. मग यादी नव्याने झाली. एका झाकणावर लिहिलं, ‘प्रकाश’ आणि खाली चादर धरणाऱ्या मुलीचं नाव.

पण अजून एक झाकण रिकामं होतं. मावशींचं. आणि तेव्हा लक्षात आलं, की दीड-दोन वर्षं त्यांच्या हातचं जेवणाऱ्या या मुलांपैकी एकालाही मावशींचं नाव ठाऊक नाही! मोबाइलमध्ये नंबर ‘मेस मावशी’ म्हणून. विचारायला गेले, तर त्या हसायलाच लागल्या.

“माझं नाव कशाला टाकायलात? नाव हाय की, पण इचारतं कोण?”

मग त्यांनी मोठ्ठं पातेलं पुढे ओढून दाखवलं. त्यावर नाव कोरलेलं, त्यांच्या यजमानांचं. मेस मावशींची, पातेलं त्यांच्या कमाईचं. पण भांड्याच्या दुकानात ‘काय नाव घालू?’ म्हटल्यावर त्यांनी सवयीने ह्यांचंच सांगितलं. आपल्या मांडणीवरची भांडी एकदा बघा बरं, मैत्रिणींनो. आपलं नाव किती भांड्यांवर आहे?

सगळ्यात अवघड झाकण मात्र बीडकडच्या त्या मुलीचं निघालं. कल्पना तिची, लेखन तिचं. पण ती म्हणाली, “मॅम, माझं नाव नको. व्हिडिओ फिरत फिरत गावाकडं गेला तर काका म्हणतील, शिकायला पाठवली का सिनेमे करायला?” घरी फक्त आईला माहीत होतं. आता काय सांगणार? ‘घाबरू नकोस’ म्हणणं सोपं असतं. निस्तरायचं तिला असतं. मी एवढंच म्हटलं, की तू ठरव, पण घाईने ठरवू नकोस.

तिने दोन दिवस घेतले. आईशी फोनवर बोलली. वर्गात तेव्हा संजय लीला भन्साळींची चर्चा झाली होती. त्यांनी आईचं नाव आपल्या नावात गुंफून घेतलंय आणि प्रत्येक सिनेमात ते पडद्यावर झळकतं. आपल्या राज्य सरकारनेही २०२४ साली ठरवलं, की सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव लिहायचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव. तिसऱ्या दिवशी ती नेलपॉलिशची बाटली घेऊन आली आणि झाकणावर लिहिलं, आधी स्वतःचं नाव आणि त्यापुढे आईचं. आडनाव नाही. तिचं निम्मं भय त्यात तसंच होतं, हे मला दिसत होतं. पण निम्मं गेलंही होतं.

आम्ही ते दीड मिनिट मावशींना त्यांच्याच स्वयंपाकघरात दाखवलं. नेमक्या त्याच वेळी दोन मुलं डबा घ्यायला आली होती. त्यांनी झाकणावरचं नाव मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, “मावशी, हे तुमचं नाव?” मावशींनी मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा बघून झाल्यावर म्हणाल्या, “ती तिसरी पोळी करपली की रं. ती कामून घेतली?”

यंदा धनत्रयोदशीला भांडं घ्याल आणि दुकानदार ‘काय नाव घालू?’ म्हणेल, तेव्हा क्षणभर थांबा. आणि तुमच्याकडे डबा पोहोचवणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या मावशींना आजच विचारून घ्या त्यांचं नाव. मोबाइलमध्ये तेच लिहा.