गारठलेले इंजिन

घासलेटचा स्टोव्ह पेटवताना आधी काकडा लावून बर्नर तापवावा लागतो. का? तर गार बर्नरमध्ये घासलेटाची वाफ होत नाही. पेट्रोलच्या इंजिनाचे थंडीतले दुखणे याच जातीचे. फवारलेले पेट्रोल गार भिंतींवर थेंब होऊन चिकटते आणि ठिणगीच्या वाट्याला पुरेशी वाफ येत नाही. तेव्हा आरंभी ते जास्त सोडणे भाग पडते.

कार्ब्युरेटरच्या गाडीत हे काम चोक करतो. पण बॉश या जर्मन कंपनीने १९७३ साली आणलेल्या के-जेट्रॉनिक योजनेत चोकच नाही. आत येणारी हवा एक चकती हलवते, चकती एका दट्ट्याला वर ढकलते, आणि दट्ट्या जितकी वाट मोकळी करील तितके पेट्रोल अखंड फवारले जाते. पोर्शे ९११, पहिली गोल्फ जीटीआय, मर्सिडीज २८० ई या गाड्यांत हीच योजना होती.

मग थंडीत काय होते? इथे दोन निरनिराळे मदतनीस आहेत, आणि सगळा घोटाळा होतो तो त्यांची गल्लत केल्यामुळे. पहिला म्हणजे स्टार्टर फिरताना जादा पेट्रोल मारणारा विजेचा फवारा. उष्णतेवर चालणारा एक स्विच त्याला काही सेकंदच वाहू देतो, नाहीतर प्लग भिजून जायचे. दुसरा मदतनीस दट्ट्याच्या माथ्यावरचा दाब सांभाळतो. इंजिन गार असताना हा दाब साधारण दीड-दोन बार असतो. त्यामुळे दट्ट्या जास्त उचलला जातो. आतली द्विधातूची पट्टी विजेने तापत गेली, की दाब हळूहळू साडेतीनच्या आसपास चढतो आणि पेट्रोल बेताचे होते.

आता बघा, गाडी मुळी पेटतच नसेल तर पहिल्यावर संशय घ्यावा. पेटून लगेच विझत असेल, तर दुसऱ्यावर. त्याच्या तोंडाशी बारीक जाळी असते. ती तुंबली तरी दाब गारठ्यातही चढाच राहतो.

हौशी मालक मात्र हे न पाहता मिश्रणाचा स्क्रू पिळतात. सकाळी गाडी पेटते, मालक खूश! पण तो स्क्रू गार-गरम दोन्ही वेळचे प्रमाण बदलतो. दुपारी गाडी काळा धूर ओकू लागते, आणि मूळचा दोष जागच्या जागीच असतो. म्हणून आधी दाबमापक लावावा, तोही रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला. एकदा इंजिन तापले, की त्या दिवसापुरती तपासणी हुकली.