विद्यार्थ्याचा आत्मघात आणि शाळेचे कर्तव्य : वैशालीच्या प्रसंगाचा बोध

शाळेतील एखादा विद्यार्थी स्वतःचे जीवन संपवितो तेव्हा त्याच्या घरावर जसा आघात होतो, तसाच तो त्याच्या शाळेवरही होतो. घराच्या दुःखाला समाजाने निदान काही वाट करून दिली आहे. अंत्यविधी होतो, आप्त जमतात, जलदानविधी व पुण्यानुमोदन होते. शाळेच्या दुःखाला अशी वाट नाही. एक दिवसाची सुटी, दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी दोन मिनिटांची स्तब्धता, आणि तिसऱ्या दिवसापासून नित्याचे तास. त्या मुलाच्या शेजारी बसणाऱ्या मित्राने त्या रिकाम्या बाकाकडे कसे पाहावे, हे कोणी सांगत नाही. ही उणीव भरून काढण्यास बौद्ध परंपरेतून काही मार्गदर्शन मिळते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रश्न लहान नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,७६४ विद्यार्थी महाराष्ट्रातील होते आणि हा आकडा सर्व राज्यांत अधिक होता. यांपैकी प्रत्येक मृत्यूमागे एक वर्ग, काही शिक्षक आणि अनेक सोबती उरले आहेत. तज्ज्ञांचे सांगणे असे की, अशा मृत्यूनंतर मागे राहिलेल्या कोवळ्या वयाच्या मुलांनाच पुढचा धोका अधिक असतो. म्हणून मृत्यूनंतरची सुश्रूषा हीच पुढील मृत्यू टाळण्याची पहिली पायरी होय.

बौद्ध वाङ्मयात या विषयाशी थेट भिडणारा एक प्रसंग आहे. संयुत्तनिकायात आणि विनयपिटकात तो नोंदविलेला आहे. भगवान बुद्ध वैशालीजवळ महावनातील कूटागारशाळेत राहत होते. त्यांनी भिक्षूंना अशुभ भावनेचा, म्हणजे देहाच्या अशुचितेचे चिंतन करण्याचा उपदेश केला आणि स्वतः अर्धा महिना एकांतवासात गेले. भिक्षान्न आणणाऱ्या एकाखेरीज कोणी त्यांच्याकडे जावयाचे नव्हते. या काळात अनेक भिक्षूंच्या मनात स्वतःच्या देहाविषयी तीव्र किळस उत्पन्न झाली आणि त्यांनी मृत्यू जवळ केला. एकांतवास संपवून भगवान बाहेर आले, तेव्हा संघ विरळ झालेला त्यांना दिसला.

यापुढे जे घडले ते शाळाचालकांनी, मुख्याध्यापकांनी व पालकांनी लक्षपूर्वक पाहावे असे आम्हांस वाटते. प्रथम भगवंतांनी विचारले, की संघ असा विरळ का दिसतो? दुसरे, आनंदाने काहीही न लपविता, ज्या उपदेशानंतर हे घडले त्या उपदेशासकट सर्व हकिकत सांगितली आणि दुसरा एखादा मार्ग सांगण्याची विनंती केली. तिसरे, वैशालीच्या परिसरातील सर्व भिक्षूंना सभागृहात एकत्र बोलाविण्यात आले. चौथे, त्यांना आनापानसतीचा, श्वासावर स्मृती स्थिर करण्याचा, वेगळा अभ्यास देण्यात आला. ग्रीष्माच्या अखेरीस अवकाळी आलेला पाऊस उडालेली धूळ बसवितो, तद्वत हा अभ्यास मनाला शांत करतो, असा दृष्टान्त तेथे आहे. सोलापूरचा उन्हाळा पाहिलेल्यास त्याचे मर्म वेगळे सांगावयास नको. पाचवे, विनयात या कृत्याचा निषेध करून तिसऱ्या पाराजिकाचा नियम घालण्यात आला. पुढे त्याच नियमाचा विस्तार होऊन मृत्यूची प्रशंसा करणे आणि कोणास मृत्यूकडे प्रवृत्त करणे हेही भिक्षूला संघाबाहेर नेणारे अपराध ठरले.

गेलेले भिक्षू दुर्बळ मनाचे होते, एवढे म्हणून हा विषय तेथे मिटविला गेला नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शिकविण्याची पद्धत बदलण्यात आली. जो उपदेश काहींना पेलला नाही त्याच्या जागी दुसरा देण्यात उपदेशकाला कमीपणा वाटला नाही. आमच्या मते वैशालीच्या प्रसंगाचा खरा बोध हाच आहे.

आता हा बोध शाळेला कसा लावावा?

पहिली गोष्ट सत्यकथनाची. मुलांना बातमी ध्वनिक्षेपकावरून कळू नये. ज्या शिक्षकांना ती ओळखतात त्यांनी वर्गावर्गांतून, थोड्या व सरळ शब्दांत ती सांगावी. मृत्यू कोणत्या प्रकारे झाला याचे वर्णन करू नये, एकच एक कारण छातीठोकपणे सांगू नये, आणि कुटुंबाची इच्छा विचारल्यावाचून खाजगी गोष्टी उघड करू नयेत. परंतु खोटेही सांगू नये. खोटे सांगितले की मुलांचा विश्वास उडतो आणि त्या जागी कुजबूज येते.

दुसरी गोष्ट मृत्यूची प्रशंसा न करण्याची. विनयातील नियम आणि आजच्या मानसोपचारशास्त्राचे मत येथे एकत्र येतात. गेलेल्या मुलाविषयी प्रेमाने बोलावे, त्याचे गुण आठवावेत, पण त्याने सुटका करून घेतली, तो आता सुखी झाला, अशी वाक्ये शोकसभेत उच्चारू नयेत. ऐकणाऱ्यांत तशाच वेदनेने ग्रासलेले एखादे मूल बसलेले असू शकते. त्याचप्रमाणे त्याची निंदाही करू नये. पूर्वजन्मीच्या कर्माचे हे फळ, असे सांत्वन तर बौद्ध घरात सर्वथा वर्ज्य असले पाहिजे. मनुष्याचे आजचे दुःख गतजन्मीच्या कर्माच्या माथी मारणारा विचार बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारला आहे. तो नाकारला म्हणूनच आपल्यावर कारण शोधण्याची जबाबदारी येते.

तिसरी गोष्ट जवळच्यांवर लक्ष ठेवण्याची. बाकावरचा सोबती, भावंडे, ज्याच्याशी अलीकडे भांडण झाले तो मित्र, आणि पूर्वीपासून खिन्न असणारी मुले यांना शिक्षकांनी एकेकटे भेटावे. जगणे नकोसे वाटते काय, असे स्पष्ट विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत चुकीची आहे; उलट विचारल्याने मुलाचा भार हलका होतो. स्वतःस दोष देणाऱ्या शिक्षकांचाही विसर पडू नये. सल्लसुत्तात सांगितल्याप्रमाणे पहिला बाण दुःखाचा असतो आणि दुसरा आपण आपल्या मनाला मारून घेतो. तो दुसरा बाण एकमेकांच्या सोबतीने काढावा लागतो. आनापानसती मन स्थिर करण्यास उपयुक्त आहे, पण ती औषधोपचाराची जागा घेऊ शकत नाही. ज्या मुलाला धोका आहे त्याला एकटे सोडू नये आणि विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेली-मानस’ ही शासकीय सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण, ती म्हणजे विचारण्याची. संघ विरळ का झाला, हा प्रश्न आमच्या समाजाने वारंवार विचारला आहे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठातील संशोधक रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत आदिवासी समाजातील डॉ. पायल तडवी गेली. त्या दोघांच्या माता, राधिका वेमुला व आबेदा तडवी, उच्च शिक्षणसंस्थांतील जातिभेदाविरुद्ध २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात एकत्र गेल्या. शोक करणाऱ्या दोन मातांनी संस्थांना प्रश्न विचारला; तो प्रश्न संस्थांनी स्वतःच स्वतःला विचारावयास हवा होता. शाळेतही बाकांची मांडणी, टोपणनावे, शिष्यवृत्तीची यादी मोठ्याने वाचणे, गुणांवरून सर्वांदेखत केलेला अपमान यांची चौकशी झाली पाहिजे. प्रत्येक मृत्यूमागे भेदभावच असतो असे आम्ही म्हणत नाही; चौकशीपूर्वीच तो नाकारणे मात्र अन्याय्य आहे.

पाचवी गोष्ट नियमाची. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा प्रकरणात दिलेल्या निर्देशांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असणे आवश्यक आहे. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संबंध जोडावयाचा आहे. आपल्या पाल्याच्या शाळेत व वसतिगृहात याची अंमलबजावणी झाली काय, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

सोलापूरला या बाबतीत एक वारसा आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी याच शहरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले आणि सोलापूर नगरपालिकेने त्यास दरमहा ४० रुपयांचे साहाय्य दिले. खेड्यातून आलेल्या मुलाला केवळ शाळेचे नाव पुरत नाही, त्याला घर लागते, हे त्या वेळच्या कार्यकर्त्यांनी जाणले होते. आजही यंत्रमागावर राबणाऱ्या बापाचे व विड्या वळणाऱ्या आईचे मूल शाळेत जाते, आणि अक्कलकोट-मंगळवेढ्याकडचे मूल येथे येऊन वसतिगृहात राहते. अतिसाराने आजारी, दुर्लक्षित भिक्षूला भगवंतांनी स्वतः आंघोळ घातली आणि येथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली पाहिजे, अशा आशयाचा उपदेश भिक्षूंना केला. वसतिगृहाच्या अधीक्षकांसाठी याहून वेगळा उपदेश आम्हांस सुचत नाही.

विहारांनीही स्वतःचे काम ओळखावे. अशी घटना घडल्यास उपासक-उपासिकांनी त्या घरी जावे, तसेच त्या शाळेतही जावे. रविवारच्या धम्मवर्गात मुलांना अपयशाविषयी, लाजेविषयी, एकाकीपणाविषयी बोलू द्यावे. पुण्यानुमोदनास त्या मुलाच्या वर्गमित्रांना बोलवावे आणि त्यांच्यासोबत बसावे. संघ एकत्र आला तेव्हाच वैशालीत पुढचा मार्ग सापडला, हे विसरू नये.