चेहरा : न बदलणारी किल्ली

जबलपूरच्या ओमती भागातील एखाद्या दुकानदाराला हिशेबाचा जुना टॅबलेट बदलून चेहरा ओळखणारा नवा टॅबलेट घ्यावासा वाटतो. अशा वेळी केवळ नावीन्याला भुलू नये.

साधा कॅमेरा चेहऱ्याची सपाट प्रतिमाच जुळवतो; तो छायाचित्रानेही फसू शकतो. २०१८ च्या आयपॅड प्रोमध्ये मात्र ३०,००० हून अधिक अदृश्य प्रकाशठिपक्यांच्या साहाय्याने चेहऱ्याचा उंचसखलपणा मोजला जातो आणि त्याची नोंद टॅबलेटमध्येच राहते.

हा भेद महत्त्वाचा आहे. कारण चोरीस गेलेला पासवर्ड बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. म्हणून पद्धत कोणती आणि नोंद कोठे साठते, हे खरेदीपूर्वी विचारावे. जुन्या टॅबलेटला सुरक्षेच्या सुधारणा अद्याप मिळत असतील, तर सहज न ओळखता येणारा पासवर्डही पुरेसा ठरतो.