विश्लेषण : सांभाळायला दिलेले मूल कायमचे आपले कधी होते?

दत्तक मूल हवे म्हणून नाव नोंदवून थांबलेली कुटुंबे देशात ३० हजारांहून अधिक आहेत. तान्हे बाळ हवे असेल तर तीन वर्षे सहज जातात. त्याच वेळी बालगृहांत आठ, दहा, बारा वर्षांची अशी मुले आहेत, ज्यांना न्यायला कुणीच येत नाही. रांगेतल्या बहुतेकांना दोन वर्षांच्या आतले, धडधाकट बाळ हवे असते. बालगृहातले मूल मात्र तिसरी-चौथीत असते आणि त्याला आधीचे घर आठवत असते. ही गाठ पडावी म्हणून केंद्र सरकारने २०२४ मध्ये फॉस्टर केअरची, म्हणजे प्रतिपालकत्वाची, मार्गदर्शक तत्त्वे बदलली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमधील दत्तक जनजागृती महिन्याचा विषयही फॉस्टर केअर आणि त्यातून दत्तक याद्वारे मोठ्या मुलांचे पुनर्वसन हाच होता. वाट रुंद झाली हे खरे. पण ती कुठे अडते, हे मूल घरी आणण्याआधीच समजून घेतलेले बरे.

सांभाळणे आणि दत्तक घेणे यात फरक काय?

बालन्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४४ नुसार बालकल्याण समितीच्या आदेशाने मूल दुसऱ्या कुटुंबात काही काळासाठी राहायला देता येते. मूल तुमच्या घरी झोपते, तुमच्या पंगतीला जेवते, त्याच्या शाळेच्या पालकसभेला तुम्हीच जाता. तरी कायद्याने ते तुमचे नसते. समितीने आदेश बदलला तर ते परत जाऊ शकते. त्याचे जन्मदाते असतील तर त्यांना ठरावीक काळाने भेटता येते, अशी भेट मुलाच्या हिताची नाही असे समितीला वाटले तरच ती थांबते. समितीने दर महिन्याला घराची पाहणी करावी, असेही कायदा सांगतो. भावंडे असतील तर त्यांना शक्यतो एकत्रच ठेवायचे असते.

दत्तकात हे सगळे बदलते. कलम ६३ नुसार आदेशाच्या दिवसापासून मूल सर्व अर्थांनी दत्तक आई-वडिलांचे अपत्य ठरते, वारसाहक्कासह. जन्माच्या कुटुंबाशी असलेले कायदेशीर नाते संपते.

इथे शब्दांचा एक घोळ नेहमी होतो. दत्तकाच्या रांगेतल्या पालकांना मूल मिळाल्यावर अंतिम आदेश येईपर्यंत ते त्यांच्या घरी राहते. त्या काळालाही ‘दत्तकपूर्व फॉस्टर केअर’ असेच म्हणतात. ती वेगळी गोष्ट आहे. तिथे मूल त्या घरचे होणार हे जवळपास ठरलेले असते. या लेखात ज्या फॉस्टर केअरबद्दल बोलत आहोत, तिथे काहीच ठरलेले नसते.

आपल्या राज्यात आणखी एक गोंधळ होतो तो बालसंगोपन योजनेमुळे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाच्या या योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात आणि लाभार्थींमध्ये एकल पालकांकडे किंवा नातेवाइकांकडे राहणारी मुले मोठ्या संख्येने असतात. मूल आपल्या माणसांतच राहावे यासाठी ती मदत आहे, दत्तकाची पायरी नव्हे. (योजनेला नाव मात्र चपखल आहे. जोतिराव-सावित्रीबाईंनी काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला होता.) परक्या कुटुंबातील फॉस्टर केअरसाठी केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. दत्तकविधान झाले की मूल फॉस्टर केअरमधून बाहेर पडते आणि त्याबरोबर हे साहाय्यही संपते. पैशाकडे पाहून कुणी मूल घरी आणत नाही, पण औषधोपचार किंवा विशेष शिक्षण लागणाऱ्या मुलाच्या बाबतीत घराला हा हिशेब करावाच लागतो. अमेरिकेत १९८० च्या कायद्यापासून अशा मुलांच्या दत्तक पालकांना दत्तकानंतरही अनुदान दिले जाते.

२०२४ मध्ये नेमके काय बदलले?

मोठे बदल दोन. पूर्वी फक्त विवाहित जोडप्यांना मूल सांभाळायला मिळत असे. आता ३५ ते ६० वयाची एकटी व्यक्तीही, मग ती अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित किंवा कायदेशीररीत्या विभक्त असो, अर्ज करू शकते. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी कुणीही सांभाळता येते, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा. जोडप्याच्या बाबतीत किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन हवे.

दुसरा बदल या लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. सांभाळणाऱ्या कुटुंबाला त्याच मुलाच्या दत्तकासाठी अर्ज करायला पूर्वी पाच वर्षे थांबावे लागे. आता दोन वर्षे पुरतात. नियम असेही सांगतो की असे मूल दत्तकासाठी मोकळे झाले तर या कुटुंबाला प्राधान्य द्यायचे. म्हणजे रांगेत ३० हजार घरे असली तरी दोन वर्षे ज्याच्या हातचे जेवले, तेथून उचलून मुलाला अनोळखी घरी पाठवायचे नाही.

हा शॉर्टकट आहे असे समजून कुणी येत असेल तर त्याने परत फिरावे. ही सोय प्रामुख्याने सहा वर्षांवरील मुलांसाठी आहे. तान्ह्या बाळाची रांग यातून चुकत नाही.

अडते कुठे?

समजा, नऊ वर्षांची एक मुलगी आहे. वडील वारले. आई व्यसनात अडकलेली, पत्ता बदललेला. मुलगी तीन वर्षे बालगृहात होती, गेली दोन वर्षे एका शिक्षक दांपत्याकडे आहे. त्यांना ती कायमची हवी आहे, तिलाही तिथेच राहायचे आहे. तरीही दत्तक होत नाही, कारण ती ‘कायदेशीररीत्या मुक्त’ नाही. म्हणजे तिच्यावर जन्मदात्यांचा हक्क उरलेला नाही, असे बालकल्याण समितीने अजून लेखी जाहीर केलेले नाही.

हे जाहीर करण्याची मुदत कायद्यात आहे. अनाथ किंवा टाकून दिलेले मूल दोन वर्षांच्या आतले असेल तर दोन महिने, त्याहून मोठे असेल तर चार महिने. आईवडिलांनी स्वतः मूल समितीकडे सोपवले तर त्यांना फेरविचारासाठी ६० दिवस दिले जातात. ही प्रकरणे त्यामानाने सरळ. पण बालगृहांतली बहुतेक मुले पूर्ण अनाथ नसतातच. कुणाची आई आहे, कुणाचा काका आहे, वर्षातून एकदा दिवाळीला येऊन जाणारी आजी आहे. तेवढी एक भेट फाइलमध्ये ‘पालक संपर्कात’ अशी नोंद म्हणून राहते आणि मूल दत्तकाच्या यादीत जात नाही. पुढच्या दिवाळीला आजी आली नाही, तरी ती नोंद कुणी उघडून पाहिलेली नसते.

या कोंडीवर अलीकडे दोन प्रकार नव्याने विचारात घेतले जाऊ लागले. वर्षभराहून अधिक काळ ज्यांना भेटायला कुणी आले नाही अशी मुले, आणि ज्यांचे पालक व्यसन, छळ, दुर्लक्ष अशा कारणांनी पालकत्वास अपात्र आहेत अशी मुले. समितीने चौकशी करून अशा मुलांनाही मुक्त जाहीर करावे, अशी अपेक्षा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनाथ, टाकून दिलेल्या आणि सोपवलेल्या मुलांचा शोध घेण्यासाठी राज्यांनी दर दोन महिन्यांनी मोहीम राबवावी, असे निर्देश दिले.

कायद्यातच एक विरोधाभास वाटावा असे वाक्य आहे. दत्तक देता येण्याजोगे मूल दीर्घकाळ फॉस्टर केअरमध्ये देऊ नये, असे कलम ४४ म्हणते. हेतू चांगला आहे : ज्याला कायमचे घर मिळू शकते त्याला तात्पुरत्या घरात अडकवू नका. म्हणून मुक्त जाहीर झालेले मूल आधी दत्तकाच्या यादीत जाते आणि ठरावीक काळ प्रयत्न करूनही कुटुंब मिळाले नाही, तरच ते फॉस्टर केअरकडे वळते. परिणाम असा की फॉस्टर केअरमध्ये दोन प्रकारची मुले येतात. काही मुक्त आहेत पण त्यांना कुणी निवडलेले नाही. काहींना सांभाळणाऱ्या घराने आपलेसे केले आहे, पण ती मुक्त नाहीत. आपली नऊ वर्षांची मुलगी दुसऱ्या प्रकारातली.

अमेरिकेने १९९७ मध्ये याला घड्याळ लावले. गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल फॉस्टर केअरमध्ये असेल तर, काही अपवाद वगळता, जन्मदात्यांचे हक्क संपवण्यासाठी राज्याने न्यायालयात जावे, असा तो कायदा. त्यातून दत्तके वाढली आणि टीकाही झाली. गरीब आणि कृष्णवर्णीय कुटुंबांची मुले घाईने तोडली जातात, हा तिचा मुख्य मुद्दा. ऊसतोडीला गेलेली आई सहा महिने भेटायला आली नाही म्हणून तिने मूल टाकले असे आपण म्हणू का? असे घड्याळ आपल्याकडे जसेच्या तसे लावता येणार नाही. पण घड्याळ नाही म्हणून चौकशीच नाही, हेही मुलाच्या हिताचे नाही. नियमित अंतराने समितीने एकच प्रश्न विचारायला हवा : हे मूल परत घरी जाणार आहे का, आणि नसेल तर त्याची फाइल कुणाच्या टेबलावर आहे?

दोन वर्षांनंतर काय करायचे?

मूल मुक्त असेल तर सांभाळणारे कुटुंब जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत दत्तकाची प्रक्रिया सुरू करू शकते. कागदपत्रे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या, पोर्टलवर चढवावी लागतात. दत्तकाचा अंतिम आदेश पूर्वी न्यायालय देत असे. कायद्यातील दुरुस्तीनंतर सप्टेंबर २०२२ पासून हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना देण्यात आला.

मुलाची संमती ही यातली औपचारिकता नव्हे. पाच वर्षांवरील मुलाची संमती आवश्यकच असते. नियमित दत्तकात पालकांना पोर्टलवर मुलाचा फोटो आणि वैद्यकीय अहवाल दिसतो आणि ४८ तासांत होकार कळवायचा असतो. मोठ्या मुलाच्या बाबतीत हा जुगार दोन्हीकडून असतो. त्यातून दत्तक गेलेली मुले संस्थेत परत येतात, असेही घडते, आणि त्या मुलाला दुसऱ्यांदा कुणावर विश्वास टाकायला सांगणे फार कठीण. फॉस्टर केअरमधून झालेल्या दत्तकाची खरी ताकद इथे आहे. दोन वर्षांत तापही येऊन गेलेला असतो, भांडणेही झालेली असतात, लपवून ठेवलेल्या पोळ्याही गादीखाली सापडलेल्या असतात. होय म्हणताना दोघांनाही माहीत असते कशाला होय म्हणतो आहोत.

वयाचे गणित आधीच मांडा

हे सहसा कुणी सांगत नाही. एकट्या व्यक्तीला ६० वर्षांपर्यंत मूल सांभाळता येते. पण दत्तक नियमावली २०२२ नुसार आठ ते अठरा वर्षांच्या मुलाच्या दत्तकासाठी एकट्या पालकाची कमाल वयोमर्यादा ५५ आहे. जोडप्याच्या बाबतीत दोघांच्या वयांची बेरीज ११० पेक्षा जास्त नको, आणि ही बेरीज दरवर्षी एकाने नव्हे, दोनाने वाढते. मुलात आणि पालकात किमान २५ वर्षांचे अंतरही हवे. नातेवाइकांच्या दत्तकाला वयाची ही अट लागू नाही. मनात दत्तक असेल तर आपले वय त्या चौकटीत बसते का, हे मूल घरी येण्याआधी जिल्हा कक्षाकडून स्पष्ट करून घ्यावे. दोन वर्षे लावलेल्या जीवाला नियम नंतर कळणे कुणालाच परवडणारे नाही.

मुलाच्या बाजूचे गणित याहून कडक आहे. या कायद्याखाली दत्तक १८ वर्षांपर्यंतच होते आणि फॉस्टर केअरही तिथेच संपते. सोळाव्या वर्षी एखाद्या घरी गेलेल्या मुलासाठी दोन वर्षांची अट पूर्ण होते, तेव्हा तो अठराचा झालेला असतो. त्यानंतर त्याच्यासाठी उरते ती ‘अनुरक्षण’ म्हणजे आफ्टर केअरची मदत. चौदाव्या वर्षी गेलेल्याकडे अजून दोन वर्षे असतात, पण मुक्त जाहीर होण्याची फाइल त्याच दोन वर्षांत हलावी लागते.

परस्पर करू नका

ओळखीच्या रुग्णालयातून, आश्रमातून किंवा ‘एक बाई आहेत’ अशा निरोपावरून मूल घरी आणणे, आणि मग स्टॅम्पपेपरवर दत्तकपत्र करणे, असे प्रकार अजूनही होतात. अनाथ, टाकून दिलेले किंवा सोपवलेले मूल ठरलेल्या प्रक्रियेबाहेर दत्तक घेतले वा दिले तर कलम ८० नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हेतू कितीही चांगला असला तरी पुढे शाळेत किंवा पासपोर्टच्या खिडकीवर प्रश्न मुलालाच विचारले जातात. असे मूल आधीच घरात असेल तर लपवण्यापेक्षा बालकल्याण समितीपुढे जाणे बरे. रस्त्यावर एकटे सापडलेले मूल असेल तर १०९८ हा क्रमांक आहे.

फॉस्टर केअरसाठी अर्ज ‘कारा’च्या संकेतस्थळावर करता येतो. आपल्या जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात बाल संरक्षण कक्ष असतो, तिथेही माहिती मिळते. अर्जानंतर समाजसेवक घरी येतो, घरातल्या प्रत्येकाशी बोलतो, आणि स्वतःची मुले असतील तर त्यांच्याशीही. दत्तक आदेशानंतरही दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याच्या भेटी होतात. फॉस्टर केअरमधून आलेल्या घराला दारावरची ही थाप तोवर सवयीची झालेली असते.