महाराष्ट्रातील वादळी हवामान आणि विमान वाहतूक

महाराष्ट्रातील विमान वाहतुकीला वादळी हवामानाचा अडथळा मुख्यतः तीन कारणांनी होतो. एप्रिल-मे महिन्यांतील वळवाचा पाऊस, जून ते सप्टेंबरमधील मोसमी पाऊस आणि मोसमी पावसाच्या आधी व नंतर अरबी समुद्रात निर्माण होणारी चक्रीवादळे ही ती कारणे होत. अशा हवामानात उड्डाणे रद्द होतात, विमाने अन्य शहरांकडे वळवली जातात आणि उतरताना विमानाला जोराचे हेलकावे बसतात. हेलकाव्यांमुळे प्रवासी घाबरतात. मात्र गंभीर अपघातांत बहुधा ओली धावपट्टी, पाठीमागून येणारा वारा आणि उतरण्याचा प्रयत्न वेळीच न सोडणे या बाबी आढळतात.

वाऱ्याचे परिणाम

विमान शक्यतो समोरून येणाऱ्या वाऱ्यात उतरवले जाते. त्यामुळे जमिनीच्या तुलनेत विमानाचा वेग कमी राहतो व थांबण्यासाठी कमी अंतर लागते. पाठीमागून वारा असल्यास हे अंतर वाढते. वारा बाजूने येत असल्यास वैमानिक विमानाचे नाक वाऱ्याच्या दिशेने किंचित वळवून धावपट्टीकडे येतो आणि चाके टेकण्याच्या सुमारास ते सरळ करतो. खिडकीतून पाहणाऱ्यास विमान तिरके चालल्यासारखे दिसते. तथापि ही नेहमीची पद्धत आहे.

थोड्या अंतरात वाऱ्याचा वेग किंवा दिशा एकदम बदलणे यास ‘विंड शिअर’ म्हणतात. गडगडाटी ढगातून थंड हवेचा झोत वेगाने खाली येऊन जमिनीलगत चहूकडे पसरतो. लहान क्षेत्रातील अशा झोतास ‘मायक्रोबर्स्ट’ हे नाव आहे. त्यात शिरणाऱ्या विमानाला आधी समोरचा वारा मिळतो, मग खाली दाबणारा झोत आणि लगेच पाठीमागचा वारा लागतो. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्क येथे ईस्टर्न एअरलाइन्सचे विमान उतरताना कोसळले. या अपघाताच्या अभ्यासातून शिकागो विद्यापीठातील शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी अशा झोतांकडे लक्ष वेधले.

छत्रपती संभाजीनगर विमानतळ

वेरूळ व अजिंठा येथील लेणी पाहण्यासाठी येणाऱ्या पर्यटकांना छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ सोयीचा आहे. वेरूळ या शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर असून तेथे ०९/२७ ही सुमारे २,८३५ मीटर लांबीची एकच धावपट्टी आहे. हे क्रमांक धावपट्टीची दिशा पूर्व-पश्चिम असल्याचे दर्शवतात. मोसमी पावसाच्या काळातील पश्चिमेचे वारे तिला अनुकूल असतात. मात्र वळवाच्या ढगातून सुटणारे वारे कोणत्याही दिशेने येऊ शकतात. ते उत्तरेकडून वा दक्षिणेकडून आल्यास विमानाला आडवे लागतात आणि दुसऱ्या दिशेची धावपट्टी उपलब्ध नसते. अशा वेळी ढग सरेपर्यंत आकाशात घिरट्या घालणे किंवा दुसऱ्या विमानतळाकडे जाणे हेच पर्याय उरतात. त्यासाठी गंतव्य व पर्यायी विमानतळापर्यंतच्या इंधनाखेरीज जेट विमानांत आणखी ३० मिनिटांचे राखीव इंधन ठेवावे लागते.

प्रमुख घटना

२२ जून १९८२ रोजी मुंबईच्या सहार विमानतळावर मुसळधार पावसात उतरताना एअर इंडियाचे बोईंग ७०७ विमान अपघातग्रस्त झाले. विमानातील १११ जणांपैकी १७ जण मृत्युमुखी पडले. १ जुलै २०१९ रोजी जयपूरहून आलेले स्पाइसजेटचे विमान पावसात मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या पुढे जाऊन चिखलात रुतले. जीवितहानी झाली नाही. परंतु मुख्य धावपट्टी अनेक दिवस बंद राहिल्याने बरीच उड्डाणे रद्द झाली.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. त्या दिवशी मुंबईत बंगळूरूहून आलेले फेडएक्सचे मालवाहू विमान धावपट्टीच्या पुढे गेले व त्यानंतर विमानतळ काही तास बंद ठेवण्यात आला. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून जात असताना कुलाबा येथे वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता. सकाळी ११ वाजता बंद केलेला विमानतळ पुन्हा सुरू करण्याची वेळ अनेकदा पुढे ढकलून रात्रीपर्यंत नेण्यात आली.

उतरणे सोडण्याचा निर्णय

धावपट्टी दिसत नसल्यास, विमानाचा वेग व उंची ठरलेल्या मर्यादेत नसल्यास किंवा चाके योग्य ठिकाणी टेकणार नसल्यास वैमानिकाने इंजिनांची शक्ती वाढवून विमान पुन्हा वर न्यावे, असा नियम आहे. यास ‘गो-अराउंड’ म्हणतात.

या निर्णयाचे महत्त्व ७ ऑगस्ट २०२० रोजी केरळमधील कोळिकोड येथे झालेल्या अपघातातून दिसून आले. दुबईहून आलेल्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानाने पहिला प्रयत्न सोडून दिला होता. दुसऱ्या प्रयत्नात वारा पाठीमागून होता आणि जवळजवळ अर्धी धावपट्टी मागे पडल्यावर चाके टेकली. विमान टेकडीवरील धावपट्टी ओलांडून खाली कोसळले. मूळ नागपूरच्या कुटुंबातील कॅप्टन दीपक साठे यांच्यासह २१ जणांचा मृत्यू झाला. चौकशी अहवालात, सहवैमानिकाने सुचवूनही विमान पुन्हा वर नेले गेले नाही, अशी नोंद आहे. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडल्याचेही त्यात नमूद आहे.

विमान ऐन वेळी पुन्हा वर गेल्यास किंवा दुसऱ्या शहराकडे वळवल्यास प्रवाशांना संकट ओढवल्यासारखे वाटते. वास्तविक या दोन्ही कृती सुरक्षिततेसाठी आखलेल्या कार्यपद्धतीचाच भाग आहेत.